बेनी अंकलची मुकी गिटार

"मला आवाज दे रे," बेनी अंकल स्टेजवरून चौथ्यांदा म्हणाले. मी चौथ्यांदा त्यांचा मॉनिटर वाढवला.

मॉनिटर म्हणजे कलाकाराकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर. त्यातून त्याला स्वतःचं वाजवणं ऐकू येतं. लोकांसाठीचे मोठे स्पीकर वेगळे. दोन्हींचा ताबा माझ्याकडे. तुळिंजला माझं साउंडचं दुकान होतं.

पापडीच्या मैदानावर संध्याकाळी शो होता, ही दुपारची तालीम. बँड वसईचाच. ऐंशीच्या दशकात यांच्या रॉकशिवाय रिसेप्शनला रंग चढत नसे. मग एकटेच कीबोर्ड घेऊन येणारे वादक आले. त्यांच्या पेटीत ड्रम, बेस, सगळंच. बँड बसला, दोघे गल्फला गेले. बारा वर्षांनी पुन्हा जमले आणि चार गावांचे शो ठरवले.

अडचण एकच. गिटारवाले बेनी अंकल प्रत्येक सोलोला, म्हणजे एकट्याने वाजवायच्या तुकड्याला, उशिरा शिरत. लीडर रॉबर्ट मला बाजूला घेऊन म्हणाले, "आज पब्लिकसमोर असं झालं तर पुढच्या शोला दुसरा गिटारवाला आणतो."

अंकल राहावेत असं मला मनापासून वाटत होतं. म्हणून संध्याकाळी मी मिक्सरवर त्यांची गिटार मोठ्या स्पीकरमधून काढून टाकली. फक्त त्यांच्या मॉनिटरमध्ये ठेवली. ते उशिरा शिरले तरी कळणार कुणाला? सोलोच्या जागा कीबोर्डने भरून निघाल्या. रॉबर्ट खूश. अंकल घामाघूम होऊन, डोळे मिटून वाजवत होते.

तिसऱ्या गाण्याला त्यांच्या पत्नी, सेलिन आंटी, माझ्या टेबलापाशी आल्या.

"बेनीची बोटं दिसतात, गिटार कुठं गेली?"

"वाऱ्याने होतं असं, आंटी."

त्या दिवशी पान हलत नव्हतं. आंटींनी एकदा झाडांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि परत गेल्या.

आठ दिवस आंटींचा तो चेहरा डोळ्यांसमोरून जाईना. वटारला दुसऱ्या शोच्या तयारीत मी अंकलना गाठून सगळं सांगून टाकलं. त्यांनी गिटारची खुंटी पिळून तार घट्ट केली.

"म्हणजे मी तिथं उगाच नाचत होतो?"

"तुम्ही उशिरा शिरत होता, अंकल. मॉनिटर तर फुल दिला होता."

"मॉनिटर कोणी मागितला? सोलोआधी ड्रमर काठ्यांची टकटक करून इशारा देतो, ती मला आता ऐकू येत नाही. म्हणून तर म्हणत होतो, आवाज दे. हाक मार, बाबा."

वीस वर्षं साउंडच्या धंद्यात घालवल्यावर माझं असं झालं होतं. आवाज म्हटलं की हात बटणाकडे जायचा.

उपाय माझ्या टेबलावरच होता. टॉकबॅक, म्हणजे माझा माइक, जो फक्त कलाकारांच्या मॉनिटरमध्ये ऐकू जातो. त्या संध्याकाळी अंकलची गिटार मी मोठ्या स्पीकरमध्ये सोडली आणि प्रत्येक सोलोआधी माइकवर म्हणत गेलो, "अंकल, या."

अंकल वेळेवर येत गेले. वटारकरांनी खुर्च्या मागे सरकवून नाचायला जागा केली.

पाचव्या गाण्यात मीच नाचणाऱ्यांकडे बघत बसलो. हाक उशिरा गेली, अंकल उशिरा शिरले, सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. रॉबर्ट रागाने अंकलकडे वळले. मी उभा राहिलो, हात वर केला आणि स्वतःकडे बोट दाखवलं.

याला दोन सेकंद लागले. पापडीची चूक कबूल करायला आठ दिवस लागले होते.