ढगीची धुतलेली पाठ

आसपासचे लोक माझ्या वहिनीला ‘मेंढ्यांच्या सोयरिकी जुळवणारी’ म्हणायचे, तेही चेष्टेनं. मला भारी राग यायचा. चाळीस मेंढ्या आणि घरचे दोन मेंढे, एवढासा आमच्या दादाचा लोकरीचा कारभार. त्यातली कोणती मेंढी कोणत्या मेंढ्याकडे सोडायची, हे ठरवायला कसली आलीय अक्कल, असं त्यांना वाटायचं. वाटू दे. गाढवाला गुळाची चव काय? मी बत्तीस वर्षं सूत कातते. लोकर हातात आली की तिच्यामागं कुणी डोकं चालवलंय आणि कुणी नाही, ते मला बरोबर कळतं.

वहिनीचं डोकं स्वयंपाकघराच्या दारामागं एका फळीवर टांगलेलं असायचं. फळीच्या वरच्या बाजूला तीन मोठे खिळे. पहिला ‘आजोबा’चा, म्हणजे आमच्या म्हाताऱ्या करड्या मेंढ्याचा. दुसरा ‘पोलिसा’चा, कारण तो दिसेल त्याला अडवायचा. तिसरा बाहेरून आणायच्या मेंढ्यासाठी. प्रत्येक मेंढीच्या खांद्यावरचा लोकरीचा पुंजका कापून वहिनी तो दोऱ्याला बांधायची, आणि दोऱ्याला गाठी मारायची. एक गाठ म्हणजे हिचा बाप आजोबा, दोन म्हणजे पोलीस, तीन म्हणजे बाहेरचा कुणीतरी. मेंढे सोडायचा हंगाम आला की ती आठवडाभर एकेक पुंजका गळ्याला घासून बघायची, टोचतोय का ते, आणि मग दोरे या खिळ्यावरून त्या खिळ्यावर हलवायची. भाजी करपली तरी तिला पत्ता नसायचा.

नियम तसा एकच. बापाच्या खिळ्यावर, म्हणजे त्याच्या गटात, लेक जाता कामा नये. गेली तर कोकरं अधू निपजतात, जबडा आखूड, पाय लुळे. बाकी सगळी हातांची परीक्षा.

आणि दादा? दादा म्हणजे कुंपण, खुरं आणि पाणी. तीस वर्षं तो त्या फळीकडं पाठ करून जेवला. ‘मला त्यातलं ओ की ठो कळत नाही’ असं अभिमानानं सांगायचा. गाठी कशाच्या, हेसुद्धा त्यानं कधी विचारलं नाही. विचारायची गरजच काय होती? फळी वाचणारी बाई शेजारीच बसून त्याला वाढत होती ना.

अकरा वर्षांपूर्वी लोकर घ्यायला आलेला एक व्यापारी आमच्या करड्या लोकरीत हात घालून म्हणाला, ‘ही पोत्यांना बरी.’ झालं. वहिनीनं ते जे मनाला लावून घेतलं! त्याच दिवशी भांडी घासताना मला म्हणाली, ‘करडी लोकर तान्ह्या बाळाच्या अंगाला लागेल इतकी मऊ नाही करून दाखवली, तर नावाची नाही.’ मी म्हटलं, ‘आधी तो तवा घास.’ पण ती खरंच मागं लागली. दर वर्षी थोडी अधिक मऊ, थोडी अधिक करडी, असं करत करत ढगी जन्माला आली. पावसाळी ढगाच्या रंगाची, म्हणून ढगी. तिची लोकर गळ्याला जवळजवळ टोचत नव्हती. जवळजवळ.

उरलेली पायरी टेकडीपलीकडच्या एका बाईच्या मेंढ्यापाशी होती. त्याला वहिनी ‘पाहुणा’ म्हणायची. त्याच्यासाठी तिनं दोन वर्षं वाट बघितली होती आणि यंदा हंगामात तो यायचा होता. ढगी आठ वर्षांची झाली होती, तिचे दात हलत होते, आतापर्यंत तिला सगळे नरच झाले होते. हे तिचं शेवटचं वेत. पाहुण्यापासून ढगीला एक मादी झाली की वहिनीचं काम फत्ते.

त्याच वर्षी डॉक्टरांनी वहिनीला तपासून सांगितलं, ‘सहा महिने. फार तर.’

परतीच्या वाटेवर वहिनी गाडीच्या मागच्या सीटवर बोटं मोजत बसली. हंगामाला तीन महिने, पोटात पाच महिने. ‘आठ झाले,’ ती म्हणाली. ‘दोन कमी पडले बघ.’ घरात कांदे दोन कमी पडले, असं सांगावं तशा सुरात. मी खिडकीबाहेर तोंड केलं. गाडी चालवणाऱ्या दादानं ते ऐकलं.

मी माझी दोन खोल्यांची जागा बंद करून त्यांच्याकडं राहायला आले. दुसऱ्या दिवशी दादा टेकडीपलीकडं जाऊन आला. पाहुणा आत्ताच द्या, म्हणून त्यानं हातापाया पडून बघितलं. ती बाई म्हणाली, ‘हंगामाआधी माझा मेंढा दाराबाहेर पडणार नाही.’ तिचंही खरंच होतं. दादा आला, जेवला, हात धुतले आणि गोठ्याकडं गेला. पुढं काय झालं ते आम्हाला दहा दिवसांनी कळलं.

वहिनीची खुर्ची तेव्हा खिडकीशी असायची, समोर मेंढ्यांचं वाडगं. सकाळी मी तिच्या केसांना तेल लावत होते. एकदम म्हणाली, ‘अगं, ढगीची पाठ बघ.’

‘काय झालं तिला?’

‘शेपटीपाशी बघ. स्वच्छ आहे.’

बघते तर खरंच! चाळीस मळकट मेंढ्या, आणि त्यांत एकीच्याच शेपटीवरचा वीतभर भाग असा लख्ख, इस्त्रीला देता येईल. मला काही उमगेना. वहिनीला मात्र एका क्षणात उमगलं आणि ती हसत सुटली. हसता हसता खोकला, खोकल्यावर पुन्हा हसू.

मेंढा सोडायचा तेव्हा त्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू फासतात. मेंढीच्या पाठीवर लाल डाग दिसला की समजायचं, काम झालं. दादानं गुपचूप मेंढा सोडला, पण तीस वर्षांच्या सवयीनं गेरूही फासला. डाग पडल्यावर दादाच्या डोक्यात प्रकाश पडला, की हा तर सगळ्यांना दिसेल! मग बादली आणि ब्रश घेऊन त्यानं ढगीची पाठ घासून काढली. माझा कपडे धुवायचा नवा साबण का सापडत नव्हता, तेही मला त्या दिवशी कळलं.

‘मला कोकरू दाखवायला निघालेत,’ वहिनी डोळे पुसत म्हणाली. ‘हंगामाबाहेर माजावर आली असेल, आणि ह्यांनी साधलं.’ मग तिचं हसू हळूहळू थांबलं. ‘पण सोडलं कुणाला असेल गं?’

‘पोलिसाचा तर पाय सुजलाय,’ मी म्हटलं. ‘म्हणजे आजोबाच.’

ती उठली. भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात गेली आणि ढगीचा दोरा चिमटीत धरून उभी राहिली. मी मागून बघितलं. एकच गाठ.

ढगीच्या आईला आजोबाकडं सोडलं त्या वर्षी दादा पाय मोडून दोन महिने पलंगावर होता. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, ढगी कुणाची ते? त्यानं रंग बघितला. करडी मेंढी, करडा मेंढा, मग कोकरू करडंच होणार! आणि मऊपणा? तो त्याच्या हिशोबात कधी नव्हताच. गाठ कशाची, एवढं एकदा विचारलं असतं तरी पुरलं असतं.

माझं डोकंच फिरलं. ‘आज त्याची खैर नाही,’ म्हणत मी दाराकडं निघाले.

‘बस खाली.’

‘अकरा वर्षं, वहिनी!’

‘माहितीये मला. मीच मोजलीत ती.’ आणि मग ती रडली. दुखणं कळलं तेव्हा रडली नव्हती, तेवढी रडली. दोरा तसाच हातात. मीही रडले, आणि रडता रडता दादाला शिव्या घातल्या. थोड्या वेळानं तिनं नाक शिंकरलं आणि म्हणाली, ‘ह्यांना सांगायचं नाही. माझ्या गळ्याशपथ.’

‘तुझ्या गळ्याची शपथ आता कसली घालतेस?’ मी बोलून गेले आणि जीभ चावली.

तिला पुन्हा हसू आलं. ‘तेही खरंच. पण नाही सांगायचं. त्या माणसाला दुसरं काय करता येणार होतं गं? औषध त्यांच्या हातात नाही. मेंढा तेवढा हातात होता.’

तीन महिन्यांनी पाहुणा आला. वहिनी तेव्हा फार वेळ उभी राहू शकत नव्हती, म्हणून मी फळीच भिंतीवरून काढून तिच्या मांडीवर ठेवली. दादा दारात घुटमळत होता. ढगी पोटुशी आहे हे लपवायचं कसं, याची त्याला चिंता होती. वहिनीनं एकेक दोरा लावला. ढगीचा दोरा आला तेव्हा तो गळ्याला घासला, थोडा वेळ तिथंच धरला आणि बाजूला ठेवला. ‘ढगी यंदा राहू दे,’ ती म्हणाली. ‘म्हातारी झाली ती.’

दादानं मला बाहेर गाठलं. ‘सुटलो बाई! आपण होऊन म्हणाली ती. आता बघ, कोकरू बघून कशी चकित होते!’ त्याचा चेहरा इतका फुलला होता की मला तो बघवेना. ‘दूध उतू जातंय’ म्हणून मी आत पळाले. शेगडीवर दूधबीध काही नव्हतं.

आणि ती थांबली. कशी थांबली, तिचं तिलाच ठाऊक. शेवटी शेवटी पाणीसुद्धा चमच्यानं घ्यायची, पण रोज विचारायची, ‘वाडग्याकडे कुणी गेलंय का?’

एका दुपारी दादा धावतच आत आला. कोटाच्या आत काहीतरी वळवळत होतं. ‘अगं, डोळे उघड! तुझी ढगी व्याली! मादी आहे! करडी!’ त्यानं कोकरू तिच्या उशाशी ठेवलं. मी बघितलं, वहिनीनं बघितलं. खालचा जबडा आखूड होता, जीभ बाजूनं बाहेर येत होती. तीस वर्षं मेंढ्या पाळणाऱ्या माणसाला ते दिसलं नसेल असं नाही, पण त्या दुपारी त्याला फक्त वहिनीचा चेहरा दिसत होता.

ती हसली. तोंडभर हसली. कोकराची मान स्वतःच्या गळ्याशी घेतली आणि म्हणाली, ‘अहो, टोचत नाही हो.’

दादा गुडघ्यांवर बसून लहान पोरासारखा हसत होता. तो पाणी आणायला गेला तेव्हा तिनं माझ्याकडून कात्री मागितली, पुंजका कापला आणि दोरा मागितला. मला हात लावू दिला नाही. स्वतःच बांधलं.

नवव्या दिवशी ती गेली. कोकराला आचळ धरता येत नव्हतं. दादा त्याला बाटलीनं पाजायचा, कोटात घेऊन फिरायचा. तीन आठवड्यांनी तेही गेलं. ‘आपलं नशीब,’ एवढंच दादा म्हणाला आणि वाडग्यामागं त्याला पुरून आला.

मी तिथंच राहिले. वर्ष फिरून आलं आणि हंगामाच्या आधी एका संध्याकाळी दादा फळीसमोर उभा राहिला, आयुष्यात पहिल्यांदा तोंड करून. ‘मला गाठी शिकव,’ म्हणाला. ‘आता मलाच करायला हवं.’

काय करणार? सांगणार नाही असं मी कबूल केलं होतं, शिकवणार नाही असं नाही. मी शिकवलं. एक म्हणजे आजोबा, दोन म्हणजे पोलीस, तीन म्हणजे बाहेरचा. बापाच्या गटात लेक नाही. तो जाड बोटांनी एकेक दोरा चाचपत पुढं जात होता आणि मी कणीक मळत होते, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. ढगीच्या दोऱ्यापाशी त्याचा हात थांबला.

‘हिला एकच गाठ आहे.’

मी कणकेला आणखी पाणी लावलं.

शेजारी लहानसा पुंजका होता, धुरासारखा. वहिनीनं शेवटचा बांधलेला. त्यानं तो उजेडाकडं धरला. ‘हिलाही एकच.’ त्यानं गाठीवर अंगठा फिरवला. ‘हे कुणी बांधलं?’

‘तिनं.’

‘म्हणजे तिला माहीत होतं?’

‘होतं.’

‘कधीपासून?’

‘तू साबण लावलास तेव्हापासून.’

एखाद्या ओळखीच्या माणसानं भर रस्त्यात थोबाडीत मारावी, तसा तो बघत राहिला. अकरा वर्षं त्यालाही मोजता येत होती.

‘मग ती हसली कशाला गं?’ त्यानं विचारलं. ‘मी कोकरू आणलं तेव्हा? मग हसली कशाला?’

‘तू आणलंस म्हणून, दादा.’

तो फळीखाली जमिनीवरच बसला. तो पुंजका त्यानं गळ्याला लावला, तसा कधी कुणाचा लावला नव्हता, आणि म्हणाला, ‘खरंच टोचत नाही गं.’ मग तो मोठ्यानं रडला, आणि मी कणकेचे हात घेऊन त्याच्या शेजारी बसले.