कोवळं गोखरू

आमच्या गाईला विष घातलं, हे महाल भागातल्या आमच्या गल्लीनं दुपारच्या आत ठरवूनसुद्धा टाकलं. सकाळी तिनं वैरणीला तोंड लावलं नाही. मग पाय लटपटायला लागले, मान मागं वळली, आणि ऊन अंगणात यायच्या आत ती आडवी झाली. विष म्हटलं की घालणारा हवा. नदीपलीकडे एक म्हातारा राहायचा, मेलेली जनावरं ओढून न्यायचा, त्यांचं कातडं काढायचा. कातड्यासाठी त्यानंच मारली, म्हणाले. झालं! कोणी पाहिलं नाही, कोणी विचारलं नाही. शिपाई त्याला घरातून उचलून चौकीवर घेऊन गेले, आणि वाटेत ज्याला ज्याला हात धुवून घ्यायचे होते त्यानं घेतले. अजूनही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी तेव्हा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होते. इंग्रजांचं राज्य, वर्गात मुली नावापुरत्या. शेजारणी चिडवायच्या, "काहून वं, गवत ओळखाले कॉलेजात जा लागते का?" त्या पावसाळ्यात आमचं झेंडू-शेवंतीचं कूळ चाललं होतं. झेंडूचं एक फूल म्हणजे एक फूल नव्हेच, एका बैठकीवर दाटीनं बसलेली कितीतरी बारकी फुलं, प्रत्येकाचं बी वेगळं. करडई त्याच कुळातली, सूर्यफूल त्यातलंच, बांधावरची एकदांडीही. आणि गोखरूसुद्धा! हे काही माझ्या गळी उतरेना. औषधातलं, जमिनीवर पसरणारं गोखरू निराळं. हे कमरेएवढं वाढणारं, ज्याची काटेरी बोंडं लुगड्याला चिकटली की निघता निघत नाहीत. ना रंग, ना पाकळी. सर म्हणाले, "कूळ फुलाच्या घडणीवरून ओळखा, रूपावरून नाही." शेवटी त्यांनी सांगितलं की मोठं झालेलं गोखरू जनावर सहसा खात नाही; पण जमिनीतून नुकतं वर येतं, तेव्हा त्याच्या पहिल्या दोन पानांत जहर असतं.

त्या वर्षी आईचा चातुर्मासाचा नेम होता. माझी मोठी बहीण पारशिवनीला दिलेली, तिला दरवेळी दिवस राहायचे आणि गर्भ पडायचा. या खेपेला दिवस भरत आले होते. तिच्यासाठी आईनं नेम धरला, की लोखंड न लावता, स्वतःच्या नखांनी खुडलेला हिरवा चारा गाईला घालायचा आणि मगच आपण अन्न घ्यायचं. गवतानं तिची बोटं चिरून निघायची, पण विळ्याला हात लावील तर शपथ. मग नाग नदीचा पूर ओसरला आणि काठच्या गाळात लुसलुशीत कोंब वर आले. आईला केवढा आनंद झाला! ओटी भरून घेऊन आली.

गाय गेल्यावर मी गोठ्यात गव्हाणीपाशी बसले होते. तळाशी उरलेला चारा हातात घेतला. लांबट, जाड, गुळगुळीत अशी दोन-दोन पानं. सरांचं बोलणं आठवलं. खुरपं घेतलं आणि तडक नदीवर गेले. एक कोंब मुळासकट उकरला, तर मुळाला गेल्या सालचं गोखरूचं बोंड तसंच चिकटलेलं. ते रोप मी तसंच पदरात गुंडाळलं.

आईनं वरूनच खुडलं होतं. मुळाशी काय आहे हे तिला दिसणार कसं? आणि मोठ्या गोखरूची पानं खरखरीत, दातेरी. ही पहिली पानं त्यांच्यासारखी मुळीच नव्हती.

घरी येऊन ते रोप मी तिच्यापुढे ठेवलं. काय झालं ते सांगितलं.

"म्हणजे मीनंच मारली?" ती म्हणाली.

"तुले माहीत नव्हतं वं, आई."

"माहीत नव्हतं म्हणून गाय उठून बसते का?"

बाबा दार लावून आले. "तोंडातून शब्द काढू नका," म्हणाले. "गोहत्या म्हणतील. पोरीच्या सासरी कळलं तर ते आपल्या घरचं पाणी पिणार नाहीत. तिचे दिवस भरत आले आहेत, तेवढं तरी पाहा." त्यांचंही काय चुकलं? ते भ्यायले होते. मीही भ्याले होते. आई खूप वेळ रडत राहिली. मग उठली, खुंट्यावरचं गाईचं दावं सोडलं. हातून गाय मेली तर तिचं दावं गळ्यात घालून चारचौघांत सांगायचं, ही आमच्याकडची प्रायश्चित्ताची रीत. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "ते रोप घे. चौकी दाखव मले."

हवालदार आधी हसला. "बाई, पाल्यानं कुठं गाय मरते? घरी जा, उगाच बदनामी होईल." आईनं भर चौकीत, सगळ्यांदेखत दावं गळ्यात घातलं. "गाय मीनं मारली. त्या माणसाले सोडा." मी रोप टेबलावर ठेवलं, ते बोंड दाखवलं, पानातलं जहर सांगितलं. हवालदाराचं हसू मावळलं.

म्हातारा बाहेर आला. एक डोळा सुजून बंद झाला होता. आईपुढे थांबला आणि खाली बघत म्हणाला, "बाई, गाय आंगनातच पडून आहे का? माती खराब होईल तिची." आईनं मानेनंच हो म्हटलं. तो आमच्या मागं मागं आला आणि गाय घेऊन गेला. गल्लीतली दारं बंद होती.

बहिणीला मुलगी झाली, जगली. बारशाचं बोलावणं आम्हाला आलं नाही. सासरच्यांनी साफ सांगितलं, प्रायश्चित्त झालं असलं तरी त्या हातांनी बाळाला शिवायचं नाही. मी संतापले. आईवरच ओरडले, "काय गरज होती वं तुले सांगाची? कोण पाहाले आलं होतं?"

आई बाळासाठी शिवलेली कुंची घडी करत होती. ती वर न बघताच म्हणाली, "त्या बुढ्याले पण नात आहे. तो गेला ना घरी."