काकांनी तपासलेला खाऊ

जगातली सगळी संकटं आधी आमच्या शेजारच्या काकांना वर्दी देतात आणि मगच येतात, अशी आमच्या गल्लीची ठाम समजूत होती. काका मूळचे चिपळूणचे. सौदीतल्या धाहरानला तेल कंपनीच्या सेफ्टी खात्यात त्यांची उभी नोकरी झाली, आणि आमची गल्लीही त्याच कंपनीच्या वसाहतीतली, म्हणजे कँपातली. काकू सासूबाईंच्या आजारपणामुळे गावीच राहिल्या होत्या, त्यामुळे घरात करायची सगळी काळजी काका गल्लीवर करत. गाडी नेहमी उलटी लावत, का तर पळायची वेळ आली तर तिचं तोंड रस्त्याकडे हवं. जिना चढताना कठडा धरत आणि न धरणाऱ्याला पुन्हा खालून चढायला लावत. गणपतीत आमच्याकडे आरतीला आले की एकदा समईकडे बघत, एकदा पडद्याकडे, आणि मुकाट्याने घरी जाऊन आग विझवायचा लाल सिलिंडर आणून देवाशेजारी उभा करत. एका वर्षी नव्याने आलेल्या एका बाईंनी भक्तिभावाने त्यालाही हळदकुंकू वाहिलं. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘समजा’ने सुरू व्हायचं. समजा हा पंखा निखळला, समजा भाजी चिरता चिरता डुलकी लागली आणि सुरी हातात असली. पाच मिनिटं त्यांच्याशी बोललं की आपण आजवर जिवंत कसे राहिलो याचंच नवल वाटायला लागे.

मी त्यांना फार हसायची. माझी लेक सई तीन वर्षांची झाली आणि माझं हसू जरा कमी झालं. कोणीतरी कौतुकाने तिच्या तोंडात पेढ्याचा तुकडा घातला आणि दहा मिनिटांत पोरीचे ओठ सुजले, श्वास अडकायला लागला. दवाखान्यापर्यंत गाडी काकांनी चालवली. त्या सबंध रस्त्यात ते एकदाही ‘समजा’ म्हणाले नाहीत, एवढंच मला आठवतं. दूध आणि शेंगदाणे या दोन गोष्टी तिला जन्मभर वर्ज्य, तुपाचा थेंबसुद्धा नको, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून अशा वेळी लगेच टोचायचं इंजेक्शनचं पेन माझ्या पर्समध्ये आणि भीती माझ्या पोटात, दोन्ही कायमच्या वस्तीला आली.

आमच्या कँपात देशोदेशीची माणसं, त्यामुळे ऑक्टोबर संपता संपता हॅलोवीनही व्हायचं. पोरं भुताखेतांचे वेश करून दारोदार हिंडतात आणि पिशव्या भरभरून चॉकलेटं आणतात. सई दोन वर्षं खिडकीतून बघत बसली. सातव्या वर्षी तिने, मलाही जायचंय, असा हट्ट धरला आणि मी नाही म्हणून सांगितलं. गल्लीत सोळा घरं, सोळा हात, कोण काय देईल याचा काय नेम. माझी बाजू उचलून धरणारा माणूस म्हणून मी काकांकडे बघितलं, तर ते म्हणाले, “जाऊ दे तिला. धोका आहे म्हणून आम्ही प्लांट बंद नाही करत. धोका काढून टाकतो.”

त्यांची योजना सरळ होती. सईला चालेल असा खाऊ आपणच शोधायचा, पुड्या करायच्या आणि दुपारीच घरोघर देऊन ठेवायच्या. सई दारात आली की ज्याने त्याने तिची पुडी तिच्या पिशवीत टाकायची. मग पंधरा दिवस काका शेजारच्या खोबर शहरातली दुकानं पालथी घालत होते. अरबी त्यांना इकाम्यावरचं, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावरचं, स्वतःचं नाव वाचण्यापुरतं येई. आता कतीफ गावच्या एका अरब सहकाऱ्याकडून त्यांनी ‘हलीब’ म्हणजे दूध आणि ‘फूल सुदानी’ म्हणजे शेंगदाणे हे दोन शब्द गिरवून घेतले आणि भिंग घेऊन गोळ्यांची पाकिटं वाचत ते तासन्‌तास उभे राहू लागले. एका दुकानदाराने मोठ्या आशेने ‘व्हेगन’ लिहिलेलं पाकीट पुढे केलं. काकांनी त्याला हिंदीतून विचारलं, की यात जनावराचं काही नाही हे मान्य, पण शेंगदाणा काय जनावर आहे? सगळ्यात त्यांचा राग ‘असू शकतात’ या शब्दांवर. शेंगदाण्याचे अंश असू शकतात, असं कुठेतरी बारीक अक्षरात सापडायचंच. “असू शकतात म्हणजे काय? टाकीत गॅस असेलही, नसेलही, असं म्हणणाऱ्याला मी वेल्डिंगचा परवाना देतो का?” असं मला विचारून त्यांनी शेवटचंही पाकीट नापास केलं.

मग त्यांनी स्वतःच आंबापोळी करायची ठरवली. डब्यातला हापूसचा रस, साखर आणि धाहरानचं ऊन, घटक तीनच. तीन दिवस अंगणात ताटं, ताटांवर जाळी आणि जाळीशेजारी खुर्ची टाकून काका. हॅलोवीनच्या दुपारी सोळा पुड्या सोळा घरी पोचल्या. सूर्यास्ताची, मगरिबची बांग झाली आणि सई चेटकिणीची काळी टोपी घालून बापाचं बोट धरून बाहेर पडली. काका आमच्या पायरीवर बसले होते. मी चहा दिला आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, की माझी पोळी मेली नेहमी ताटाला चिकटते, तुमची एवढी सुरेख कशी सुटली?

“अगं, ताटाला तुपाचा हात लावला की,” काका म्हणाले.

आमच्याकडे तुपाचा हात कोणी साहित्यात धरतच नाही. तो असतोच. काकांच्या आईने तसाच लावला असेल, माझ्या आईनेही लावला, विचारलं असतं तर दोघींनीही आंबा आणि साखर एवढंच सांगितलं असतं. मग कप ठेवून काका धावले. कुठेही धावायचं नाही असं जन्मभर लोकांना बजावणारा तो माणूस अंधारात, कठडा न धरता, पायऱ्या उतरून धावत सुटला आणि पर्स छातीशी धरून त्यांच्यामागे मी. नवऱ्याला फोन लावत होते, तो उचलत नव्हता. पहिलं घर, दुसरं घर, पुडी दिली म्हणाले. पाचव्या घरीही दिली होती. माझ्या डोळ्यांपुढे ते सुजलेले ओठ होते, दुसरं काही दिसत नव्हतं.

नवव्या घराच्या दिव्याखाली ती सापडली, बाप शेजारीच, खिशातल्या फोनचा आवाज बंद. एक पुडी उघडून हातात धरलेली. काका तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले, पण त्यांना धाप लागून शब्द फुटेना. मीच ओरडून विचारलं, खाल्लंस का? ती दचकली आणि कँपातल्या पोरांच्या हिंदी-मराठीत म्हणाली,

“नहीं ना, मम्मी. इस पे लेबलच नाहीये. मैं काका को पूछनेवाली थी.”

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ज्याने काम केलं त्याने ते तपासायचं नाही, हा नियम त्यांनीच कितीजणांना शिकवला होता. “माझं मीच तपासलं गं, सईची आई,” ते पुनःपुन्हा म्हणत राहिले. राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण तिच्यासाठी पंधरा दिवस भिंग घेऊन उभं राहणारं माणूस मला दुसरं कुठे मिळणार होतं? मी ओल्या फडक्याने सईचे हात पुसले, पुड्या काढून घेतल्या आणि चल घरी म्हटलं. तर ती तयार होईना. अजून सात घरं राहिली होती. तिने काकांना उठवलं, त्यांचं बोट धरलं आणि ती सातही घरं रिकाम्या पिशवीने, नुसती लोकांना भिववत, पुरी केली.

गेल्या वर्षी काका निवृत्त होऊन चिपळूणला गेले. निघताना त्यांनी लाल सिलिंडर आमच्याकडे ठेवला आणि त्यावरचा दाबाचा काटा बघत जा म्हणून सांगितलं. आता सई एकटी शाळेच्या सहलीला जाते, मैत्रिणींकडे जाते, आणि ती परत येईपर्यंत मी खिडकीपाशी समजा असं झालं, समजा तसं झालं, करत बसते. इतकी वर्षं आमच्या वाट्याचं भिण्याचं कामही काकाच करत होते, हे ते गेल्यावर मला कळलं.