तिसरा भाग आधी

आमच्या वाचनालयाला दोन दारं आहेत. पुढचं सगळ्यांचं, मागचं एकट्या बाइंडरचं. बावीस वर्षं ते मागच्या दारानं आले, मागच्या खोलीत बसले आणि संध्याकाळी मागच्याच दारानं गेले. फाटकी पुस्तकं आपोआप बरी होतात, असं निम्म्या वर्गणीदारांना वाटत असणार. मी इथली ग्रंथपाल. माझ्या नाकावर कायम राग असतो असं लोक म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. पण बाइंडरवर मी एवढ्या वर्षांत एकदाच ओरडले. तीच गोष्ट सांगते.

बाइंडरचा डावा गाल आणि मान भाजलेली आहे. डावा कान नाहीच. सात वर्षांचे असताना वडिलांच्या बाइंडिंगच्या कारखान्यात उकळत्या सरसाचं भांडं त्यांच्यावर उलटलं. पाणी असतं तर निथळून गेलं असतं, सरस चिकटून बसला. हे सगळं ते शेजारच्या कुणाचं तरी सांगावं तसं सांगतात. हात मात्र काय सांगू! पुठ्ठा सुटलेलं, पानं लोंबणारं पुस्तक समोर आलं की आधी ते नुसतं दोन्ही हातांत धरून बसतील. मग जुना दोरा कापायचा, फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, सुटे करायचे, टोच्यानं भोकं पाडून पुन्हा शिवायचं, पाठीला खळ लावून दाबात ठेवायचं. खळीत कसर लागू नये म्हणून ते मोरचूद घालतात आणि त्या डब्यावर त्यांनी मोठ्या अक्षरांत ‘चहा नाही’ असं लिहून ठेवलंय. कारण एकदा मीच त्यात चमचा घातला होता.

दुपारी एकला त्यांची बायको डबा घेऊन येते. तीही मागच्या दारानंच. बाई मोठी हसरी. मला म्हणाली, “मला बघायला आले तेव्हा हे सारखे खिडकीकडे डावा गाल करून बसलेले. म्हटलं, माणूस बघायला आलाय मला, आणि बघतोय रस्ता! उजवी बाजू पसंत केली मी, डावी फुकटात मिळाली.” बाइंडर खाली मान घालून जेवत होते, पण हसत होते.

असं सगळं बरं चाललं असताना आमच्या कमिटीला बुद्धी सुचली. बाइंडिंग बाहेर मशीनवर करून घ्यायचं, मागच्या खोलीत मुलांसाठी अभ्यासिका करायची. बाइंडरचं काय? तर काउंटरवरचे आजोबा निवृत्त होत होते, त्यांच्या खुर्चीवर बसायचं. नाहीतर महिनाअखेर हार घेऊन घरी जायचं.

मी पळतच मागे गेले. म्हटलं, “अहो, उत्तम झालं! काउंटरच्या बाजूला तुमचं टेबल टाकू. पुस्तकं द्या-घ्या, मधल्या वेळात शिवा.”

“नको बाई,” ते म्हणाले. “मी घरी जातो.”

“घरी जाऊन काय करणार? भिंती शिवणार?”

“लोक पुस्तकं उंबऱ्यावरूनच टाकून जातील. तुमची वर्गणी बुडेल.” आणि सुईत दोरा ओवायला लागले. विषय संपला. मला त्या दोऱ्यासकट सुई फेकून द्यावीशी वाटली.

त्याच महिन्यात शनिवारच्या वाचनमंडळानं एक जुनी भयकादंबरी काढली. तळ्याकाठचं दगडी घर, घरात चाळीस घड्याळं, आणि त्यांना किल्ली देणारा एक माणूस, ज्याचा चेहरा पाहून लोक खिडक्या लावून घेतात. कादंबरी पाच भागांत आहे, प्रत्येक भाग वेगळा माणूस सांगतो. पहिला घरात उतरलेला प्रवासी, दुसरी मालकीणबाई, आणि तिसऱ्या भागात तो किल्लीवाला स्वतः बोलतो. जुन्या काळी हे भाग सुटे छापून यायचे, त्यामुळे प्रत्येकाची पानं पुन्हा एकपासून सुरू, आणि भागावर आकडा नाही. आमच्याकडे त्याच्या आठ प्रती होत्या आणि आठही खिळखिळ्या. बाइंडरनी त्या चार दिवसांत शिवून दिल्या.

मंडळात दहा-बाराजण. त्यांतले मोठ्यानं वाचायचे ते निवृत्त मास्तर, आणि मोठ्यानं मत द्यायच्या त्या शिवणताई, कोपऱ्यावर ज्यांचं ब्लाउजचं दुकान आहे त्या. दर शनिवारी एक भाग. पहिल्या शनिवारी मास्तरांचा घसा बसला होता, म्हणून शिवणताईंनीच वाचलं. आमच्या प्रतींत पुस्तक सुरू होतं ते किल्लीवाल्याच्याच बोलण्यानं: तान्हा असताना त्याला बर्फात सोडलेलं, घड्याळांची टिकटिक तेवढीच त्याला घाबरत नाही म्हणून त्यानं हे काम धरलं. वाचता वाचता शिवणताई दोनदा थांबल्या. शेवटी म्हणाल्या, “ह्याला कुणी जेवायला तरी बोलवा रे!”

दुसऱ्या शनिवारी प्रवाशाचा भाग. प्रवासी किल्लीवाल्याला ‘ते’ म्हणतो, ‘ते हललं’, ‘ते माझ्याकडे वळलं’. शिवणताई उसळल्या. “आला मोठा! त्याच्याच घरात फुकट राहतो आणि त्यालाच ‘ते’? ह्याला आधी बाहेर काढा.” सगळं मंडळ तावातावानं प्रवाशाला शिव्या घालत होतं. मास्तर मात्र गोंधळून पुस्तक पुढे-मागे चाळत होते. तसेच घरी गेले आणि सोमवारी शाळकरी वयातली स्वतःची प्रत घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

“बाई, तिसरा भाग पहिला लागलाय. आठही प्रतींत.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाइंडरचं काम कमिटीसमोर छाती फुगवून सांगणारी मी! आता कमिटी म्हणणार, मशीन चुकत नाही. तरातरा मागे गेले आणि जे तोंड सोडलं ते सोडलं. बावीस वर्षांचा अनुभव, आठ प्रती, डोळे कुठे होते, सगळं. बाइंडर पांढरे पडले. प्रत उघडून त्यांनी बघितली, आणि मग खाली बसले.

“माझ्याकडे घरी ह्याची एक प्रत आहे,” ते म्हणाले. “भाजलो तेव्हा आठ महिने अंथरुणात होतो. वडिलांनी रद्दीतून हे भाग आणून दिले. वर तिसरा होता, तोच आधी वाचला. मग कितीतरी वर्षं बाकीचे वाचलेच नाहीत. पुढे शिकल्यावर पहिलं पुस्तक शिवलं ते हेच, आणि तिसरा भाग पहिला लावून शिवलं.” टेबलावर हात फिरवत म्हणाले, “फर्म्यांचे गठ्ठे ओळीनं मांडायचे असतात बाई, आणि चालत चालत एकेक उचलायचा. मांडताना हातानं घरचाच क्रम मांडला. मला कळलंसुद्धा नाही. आणा त्या आठही, उसवतो.”

मी मास्तरांना बोलवून घेतलं आणि सगळं सांगितलं. मास्तर दारातच उभे राहून ऐकत होते. मग त्यांनी चष्मा काढला.

“मी सोळाव्या वर्षी हे नीट क्रमानं वाचलं,” ते म्हणाले. “आधी प्रवासी, मग मालकीण. तिसऱ्या भागापर्यंत मला त्या किल्लीवाल्याची इतकी भीती बसली होती की तो काय बोलतो ते मी ऐकलंच नाही. चाळीस वर्षं मी मुलांना त्याची भुताची गोष्ट म्हणून सांगितली. शिवणताईंनी पहिल्याच दिवशी त्याला जेवायला बोलवलं. उसवू नका हो.”

ते गेले. मी आणि बाइंडर दोघंच राहिलो. मागच्या दाराची गोष्ट मी वर अर्धीच सांगितलीय. पहिल्या दिवशी बाइंडर पुढच्याच दारानं आले होते. इस्त्रीचा निळा शर्ट, हातात हत्यारांची पिशवी. काउंटरपाशी एक बाई छोट्या मुलीला घेऊन उभी होती, मुलगी त्यांना बघून रडायला लागली. मी घाईघाईनं त्यांना बाजूला घेतलं आणि किल्ली हातात दिली. “मागच्या दारानं येत जा, तुम्हालाच सोयीचं पडेल.” तुम्हालाच! कमिटीला, आजोबांना, सगळ्यांना मी सांगत आले की बाइंडर जरा लाजाळू आहेत.

“प्रवासी मीच आहे की हो,” मी म्हटलं. “चुकलं माझं. तेव्हाच म्हणायला हवं होतं, आज म्हणतेय.”

बाइंडरनी टोच्या पुसून ठेवला. “मला माहीत होतं ना बाई,” ते म्हणाले. “पण तो तुमचा पहिला भाग होता. पुढचे भाग मी बावीस वर्षं रोज वाचतोय. बरे आहेत.”

मी रडले. लाज कसली, रडले.

तिसऱ्या शनिवारी शिवणताईंनी फर्मानच काढलं, “ज्यानं हे उलटंपालटं केलं त्याला बोलवा, मला त्याला बघायचंय.” मी मागे गेले. बाइंडरनी आधी नाही म्हटलं, मग हात धुतले, मग पुन्हा एकदा धुतले. डबा घेऊन आलेल्या बायकोनं त्यांना चक्क ढकललं. ते मंडळासमोर येऊन उभे राहिले, आणि सवयीनं उजवा गाल पुढे केला. शिवणताई उठल्या, वळसा घालून डाव्या बाजूला गेल्या, नीट बघितलं आणि म्हणाल्या, “बसा. आज मालकीणबाईचा भाग आहे, आणि तो तुम्ही वाचायचा. घसे आमचे गेलेत ओरडून.” बाइंडरनी वाचलं. सुरुवातीला आवाज चाचरत होता, पण मालकीणबाईची बोलणी त्यांनी इतकी खाष्ट काढली की मास्तर खुर्चीतून घसरायचे बाकी राहिले.

एक तारखेला मला यायला पाच मिनिटं उशीर झाला. पुढच्या पायरीवर नेहमीचे सात-आठ वाचक ताटकळत होते आणि त्यांच्या मधोमध, निळा इस्त्रीचा शर्ट घालून, आमचे बाइंडर. एक लहान मुलगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. आईनं तिचा हात ओढला, पण तिनं विचारलंच, “तुमचा कान कुठे गेला?”

“सरसाला चिकटला,” बाइंडर म्हणाले. “आणि तुझ्या पुस्तकाचं मुखपृष्ठ कुठे गेलं?”

मुलीनं पुस्तक पाठीमागे लपवलं. मी कुलूप काढलं. सगळे आत गेले, बाइंडर शेवटी आले. त्यांनी खिशातून मागच्या दाराची किल्ली काढली, बावीस वर्षांत झिजून गुळगुळीत झालेली, आणि माझ्या हातावर ठेवली.

“ही तुमची, बाई,” ते म्हणाले, आणि काउंटरमागे जाऊन त्या मुलीचं पुस्तक मागून घेतलं.