तीन दिवसांची नोटीस

सोमवारी सकाळी बायको एसटीने संगमनेरला गेली. नातवाला डेंग्यू झाला होता आणि जावई बाहेरगावी, त्यामुळे मुलगी एकटी पडली होती. घरात उरलो मी आणि वडील. मला चहापलीकडे काही येत नाही आणि वडिलांना ते माहीत आहे. "आठ दिवस ताईंकडे जेवू," ते म्हणाले. आई गेल्यापासून चार महिन्यांत त्यांनी स्वतःहून जेवणाचा विषय काढल्याचं मला आठवत नाही.

ताईंची खानावळ म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याला लागून उभं केलेलं पत्र्याचं शेड. चार टेबलं, एक गॅस आणि भाकरीसाठी मागे चूल. बाई शेवगावकडच्या. नवऱ्याबरोबर पूर्वी ऊसतोडीला जायच्या, तो गेल्यावर शहरात आल्या आणि पंधरा-सोळा वर्षं इथेच भाकऱ्या थापत होत्या. शेजारच्या क्लासची मुलं, हमाल, दवाखान्यात पेशंटजवळ थांबलेले लोक असे सगळे त्यांच्याकडे जेवायचे.

त्या संध्याकाळी आम्ही बसलो तेव्हा ताईंनी पदराला हात पुसून एक कागद वडिलांपुढे धरला. "बाबा, हे दुपारी दाराला चिकटवून गेलेत. तुमी हाफिसात हुतात, बगा बरं काय हाय."

वडील नगरपालिकेतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. अशा नोटिसा टाईप करण्यात आणि लोकांच्या दारावर डकवण्यात त्यांची अर्धी नोकरी गेली. त्यांनी चष्मा लावला, कागद शेवटपर्यंत वाचला. मी शेजारीच होतो, मलाही दिसत होतं. रस्ता रुंदीकरण. तीन दिवसांच्या आत बांधकाम स्वतःहून काढून घ्यावे.

"काही नाही," वडील म्हणाले. "रस्त्याची मोजणी आहे."

"मोजनी व्हय? मंग ठीक हाय." ताई भाकरी उलटायला गेल्या.

मी वडिलांकडे पाहिलं. ते पिठल्यात भाकरी कुस्करत होते. मीही माझं ताट पुढे ओढलं.

घरी येताना मी विचारलं. ते म्हणाले, "अशा नोटिसा मी आयुष्यभर लावल्या. दहातल्या आठ नुसत्या लागतात. बाईला उगाच घोर कशाला?" मला ते पटलं. खरं तर पटवून घ्यायला मला बरंच वाटलं. वडील त्या दिवशी दीड भाकरी जेवले होते.

मंगळवारी मुलीचा फोन आला. प्लेटलेट अजून खालीच होत्या. त्यात त्यांच्या वस्तीजवळच्या उसात बिबट्या दिसला होता, म्हणून अंधार पडायच्या आत सगळे दारं लावून बसत. "दवाखान्यातून घरी जायचं तरी जीव धास्तावतो," ती म्हणाली. मी इकडून धीर दिला. फोनवर देता येतो तेवढा.

बुधवारी शाळेत चहाच्या वेळी एका शिक्षकाने मोबाईलवरची बातमी वाचून दाखवली. आठवड्याच्या शेवटी आमच्याच रस्त्यावरची अतिक्रमणं काढायला सुरुवात होणार होती. बाकीच्यांचं बोलणं लगेच निवडणुकीच्या ड्युटीवर गेलं. मला मात्र तास घेताना काही सुचेना. शाळा सुटल्यावर सरळ ताईंकडे जायचं आणि सांगून टाकायचं, असं ठरवून निघालो. गेलो तर वडील आधीच तिथे बसलेले. समोर ताटात हुलग्याचे शेंगोळे.

"बाबांनी काल आठवन काढली," ताई म्हणाल्या. "म्हनले, आमच्या घरात आता कुनी करत न्हाई. मंग म्हनलं करावं."

शेंगोळे आई करायची. वडील मान खाली घालून जेवत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. ताई त्यांना आणखी वाढत होत्या. अशा वेळी कसं सांगायचं, असं मी स्वतःला म्हणालो. उद्या सांगू. गुरुवारी शाळेत बैठक लांबली, घरी यायला उशीर झाला, आणि ताईंचं शेड बंद झालेलं पाहून मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते.

शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमारास जेसीबीचा आवाज आला. मी धावत गेलो. पोलीस, गर्दी, धूळ. आजूबाजूच्या टपरीवाल्यांनी आपापलं सामान आदल्या दिवशीच हलवलं होतं. दोघांनी तर पत्रेही सोडवून नेले होते. त्यांना वाटलं होतं, ताईंची काहीतरी सोय झालेली दिसते, आणि ताईंना वाटलं होतं, ते मोजणीसाठीच हलवतायत. ताई एकट्याच आत-बाहेर पळत होत्या. डबे, परात, पिठाची गोणी. मीही आत शिरलो आणि हाताला लागेल ते बाहेर काढू लागलो. अधिकारी पंधरा मिनिटं थांबला. "तीन दिवस दिले होते, बाई," तो म्हणाला, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. गॅस आणि भांडी निघाली. टेबलं, कपाट, आणि त्या पहाटे मळून ठेवलेली कणीक आतच राहिली.

वडील त्या दिवशी घराबाहेर पडले नाहीत. मी पाव आणि दूध आणलं. ते तसंच पडून राहिलं.

रविवारी दुपारी बायको परत आली. नातू घरी आला होता, ताप उतरला होता. तिने चूल पेटल्याची खूण नसलेलं स्वयंपाकघर पाहिलं, आमचे चेहरे पाहिले. मी तिला सगळं सांगितलं. ती इतकंच म्हणाली, "दोघंही वाचता येणारे होतात ना?"

तेवढ्यात कळलं की ताई गावाकडे निघाल्या आहेत. वडील उठले, काठी घेतली. मी मागून गेलो. रस्त्याच्या कडेला टेम्पोत सामान भरून झालं होतं. ताईंचा भाऊ दोरी आवळत होता.

वडिलांना पाहून ताई पुढे आल्या. "बाबा, ऊन किती हाय, कशाला आलात? तुमी वाचलं तवा मोजनीच हुती. मागनं बदललं आसंल त्यांनी."

तिथेच थांबता आलं असतं. वडिलांनी मान हलवली.

"नाही बाई. त्यात काढायचंच लिहिलं होतं. मी खोटं सांगितलं. तुम्ही बंद केलं असतं तर..." ते टेम्पोतल्या परातीकडे बघत राहिले.

ताईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सर, तुमीबी हुतात की तितं."

"हो," मी म्हणालो.

त्या वळल्या आणि टेम्पोत भावाशेजारी जाऊन बसल्या.

वडील आता बायकोच्या हातची अर्धी भाकरी जेवतात. विचारलं तर पोट भरलं म्हणतात.

मागच्या महिन्यात परीक्षेच्या कामासाठी मला शेवगावला पाठवलं होतं. काम दुपारीच संपलं. ताईंचं गाव तिथून फार लांब नाही, जीपा जातात. स्टँडवर एक जीप उभी होती आणि ड्रायव्हर गावाचं नाव घेऊन ओरडत होता. "बसताय का, सर? एकच सीट हाय," त्याने विचारलं. मी नाही म्हणालो. ती जीप भरून निघून गेल्यावर मी परतीची एसटी धरली.