दोरीबाहेरचे हात

सातवीत शाळा सुटलेली मी, दोन हजार चारच्या सुमारास अमेरिकेत फ्रीमाँटला एका म्हाताऱ्या, विधुर स्विस डॉक्टरांना सांभाळायला लागले, तेही एका मराठी काकूंच्या ओळखीने. डॉक्टरांच्याच घरात मला राहायला खोली मिळाली. ते उपकार मी विसरले नाही, आणि खोली कधी जाईल ही धास्तीही कधी सुटली नाही.

डॉक्टर डोंगरातल्या गावचे. रस्ता नव्हता म्हणून तिथे बाळंतिणी वाटेतच दगावायच्या. रस्त्याचा निर्णय गावच्या सभेत व्हायचा. मैदानात दोरी बांधलेली असे. आत पुरुष हात वर करून मत देत, बायका दोरीबाहेर. "ज्यांची बाळंतपणं मी केली, त्यांनाच मत नाही!" एवढ्यावरून डॉक्टर राजकारणात उतरले होते.

आता दुपारी ते मागच्या अंगणात माझ्याकडून कपड्यांची दोरी गोल बांधून घ्यायचे. रिकाम्या गवताला प्रश्न विचारायचे आणि हात मोजायचे. पहिल्यांदा घाबरून मी दोन्ही हात वर केले.

"एकच! लबाडी नको."

काकू फोनवर खूप हसल्या. "अगं, गावी कधी मत दिलं नाहीस आणि इथे रोज इलेक्शन!"

हसले मीही. पण वारा नसताना ती दोरी बाहेरून आत दबायची, कुणी रेलून उभं असावं तशी.

एका शनिवारी त्यांची मुलगी आली. म्हाताऱ्यांच्या होममध्ये जागा मिळाली होती. डॉक्टर गेले की माझी खोलीही जाणार होती.

"डॅड, बॅग भरलीय. चला."

"आधी सभा."

ती चिडून अंगणात आली आणि दोरीपाशी थबकली. पन्नाशीची बाई, पण पाऊल आत पडेना. डॉक्टरांनी दोरी वर धरली, तेव्हा ती वाकून आत आली.

"मी याच घरात राहावं असं वाटणाऱ्यांनी हात वर करा."

माझा हात लगेच वर गेला. तिचा नाही. डॉक्टर मात्र आमच्या पलीकडे बघत मोजत राहिले. तिने मागे वळून पाहिलं, आणि तिचा चेहराच उतरला.

"ती आत का येत नाही?"

"कोण, मॅडम?" मी पुटपुटले. मला फक्त कुंपण दिसत होतं.

"आई. हात वर केलाय तिने."

"तेव्हाही करायची," डॉक्टर म्हणाले. "कुणी मोजायचं नाही."

मग मुलीनेही हळूच हात वर केला.

बॅग रिकामी करायला मी घरात गेले. पण अंगणाकडे पाठ फिरवायचा धीर झाला नाही, उलट्या पावलांनीच गेले.