होडीवरचा पिवळा ठिपका

मी रंगवलेला ठिपका एका सकाळी समुद्रात निघून गेला आणि त्याच्यापायी सहा माणसं गुडघाभर चिखलात गेली. ठिपका होडीवर होता. ती होडी मला कळायला लागल्यापासून वाळूवर उपडी पडलेली. ती पुन्हा पाण्यात जाईल असं तिच्या मालकालाही वाटलं नसावं. पण त्याच्या जावयाला वाटलं.

आमच्या बंदराच्या धक्क्यावर पाटी आहे: ‘सोपी वाट, दीड तास’. वाट आधी किनाऱ्याने जाते, मग जंगलात वळते आणि शाळेमागे निघते. ती ठिपकेकाकांची. काका माझे घरमालक, राहतात खालच्या मजल्यावर. बंदरात तरंगणारी खुणेची पिंपं त्यांनी तीस वर्षं रंगवली. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेना, त्यातच काकूंना दम्याने गाठलं. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, पण चढ नको. काकांनी जंगल पालथं घालून बिनचढाची वाट हुडकली आणि दगडाझाडांवर पिवळे ठिपके दिले. वाटेवरच्या बाकांना काही हिशेब नाही. दोन जवळजवळ, तिसरा कुठल्या कुठे. काकूंना जिथं धाप लागली तिथं काकांनी बाक ठोकला, झालं. नगरपालिकेने नंतर पाटी लावली आणि रंग देऊ केला.

काकांचे नियम दोनच. एका ठिपक्याजवळ उभं राहिलं की पुढचा दिसला पाहिजे, आणि हलणाऱ्या वस्तूवर ठिपका द्यायचा नाही. जंगलाकडे वळायच्या जागी खांब होता, तो वादळात पडला. काकांचा गुडघा सुजलेला, म्हणून डबा आणि कुंचला माझ्या हाती आला. पन्नास पावलांवर चांगला खडक होता. पण ऊन फार होतं आणि होडी जवळ होती.

“साहेब, होडीवर?” काका एवढंच म्हणाले. मी शिकलेला असल्याचं त्यांना आठवलं की मी साहेब होतो.

मग होडी गेली, माणसं चिखलात गेली आणि नगरपालिकेचं पत्र आलं. गुरुवारी तपासनीस बाई एकट्या वाट चालून बघतील. चुकल्या तर पाटी उतरेल. काकांनी पत्र तीनदा वाचलं.

“पाटी गेली की रंग गेला, माणसांची ये-जा गेली. दोन वर्षांत रान सगळं गिळून टाकेल. मग हिनं चालायचं कुठं? गच्चीवर?”

बुधवारी आम्ही तिघं वळणावर गेलो. खडकावर मी दोन्ही बाजूंनी ठिपके दिले, जाणाऱ्यांसाठी आणि परतणाऱ्यांसाठी. पण किनाऱ्यावरून खडक दिसेचना. मध्ये एका झाडाची फांदी आडवी आलेली.

“फांदी तोडू का?” मी विचारलं.

“झाडाला हात लावायचा नाही. त्यापेक्षा तुझ्या पाठीवर देतो ठिपका. तू तरी कुठं हलतोस!”

काकूंना तोवर धाप लागली होती. वाहून आलेलं मासळीचं एक क्रेट उपडं करून त्या बसल्या.

“अहो, दिसतोय की.”

“कुठून?”

“इथून. बसल्यावर.”

आम्ही आळीपाळीने बसून बघितलं. फांदीखालून ठिपका लख्ख दिसत होता.

“लोक काय बसून चालतात?” काका म्हणाले.

“इतकी वाळू तुडवून आलेला माणूस बसतोच, बसायला मिळालं तर.” मग काकू माझ्याकडे वळल्या. “इथला बाक तू करायचास. पाठ टेकायला फळी हवी हं.”

“करतो काकू, नक्की.”

गुरुवारपुरतं क्रेटच ठेवलं. काका शाळेमागे जाऊन थांबले. मी आणि काकू जाळ्यांच्या ढिगाआड बसलो. मदत करायची नाही, अशी काकांची ताकीद होती.

बाई आल्या. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि सरळ चिखलाकडे निघाल्या. काकूंनी माझं मनगट असं धरलं की बोटांचे वळ उठले.

“हाक मारू?” मी पुटपुटलो.

“गप्प बस.”

चार पावलांवर बाई थबकल्या. एक पाय झटकला, दुसरा झटकला, मग मागं येऊन क्रेटवर टेकल्या आणि बुटातली वाळू ओतू लागल्या. दुसरा बूट घालताना त्यांनी मान वर केली. क्षणभर तशाच राहिल्या. मग उठल्या आणि वाकून फांदीखालून जंगलात गेल्या.

काकूंनी मनगट सोडलं. “बघितलंस? आता फळ्या बघ.”

शाळेमागे बाई काकांना म्हणाल्या म्हणे, “वाट चांगली आहे. पाटी राहू दे. तेवढं क्रेट बदला.”

याला तीन महिने झाले. काकू रोज त्याच क्रेटवर बसून येतात आणि जिन्याखालून मला ऐकू येईल अशा बेताने काकांना सांगतात, “आज पाठ टेकायला गेले, तर पडतच होते.” फळ्या माझ्या पलंगाखाली आहेत. रंधा होडीवाल्याचा जावई देणार आहे. पण तो घरी सापडेल तर ना! सदानकदा समुद्रात असतो, माझा ठिपका मिरवत.